तांब्या दारात असताना

ये ग बाय, अशी जवळ बस. तिथे दाराला टेकून उभी राहिलीस तर मला अर्धंच ऐकू येतं, मग मी ओरडून बोलते आणि शेजारणीला वाटतं म्हातारी भांडतेय. आधी दोन शब्द सुनावते, चहा मग. मनोर काय विलायतेत आहे? एक गाडी पालघरपर्यंत, दुसरी इथे, की आलीस दारात. तरी दोन वर्षांनी तोंड दाखवलंस, आणि तेही काम निघालं म्हणून. कायदा शिकतेस, मुलांवर घरातच जुलूम झाला तर सरकार काय करतं त्याच्यावर तुला काही लिहायचं आहे, आणि कुठूनतरी तुझ्या कानावर आलं की तुझ्या आईला लहानपणी असंच सरकारने घरातून उचललं होतं. आईला, सुमीला, विचारलंस तर ती उठून भांडी घासायला गेली. म्हणून माझ्याकडे. असं मी त्या दिवशी बोलले आणि मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधे मासळीवाली आली, मधे तुझी गाडीची वेळ झाली. म्हणून आता नीट लिहून काढते. लिहिणार मात्र बोलते तसंच. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन सुकट बांधायच्या रद्दीवर झालं, तेव्हा मोठे शब्द माझ्याकडे नाहीत.

गावाचं नाव लिहीत नाही, इथे अजून तीच माणसं राहतात. तारापूरच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. बोईसरला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते, सालवडला खोल्या घेऊन परगावचे कामगार राहू लागले होते, पण आमच्या वाड्यात अजून सगळं भरती-ओहोटीवर चालायचं. आमचं घर आणि तुझ्या आईचं घर एकाच आढ्याखाली होतं. मधे कुडाची भिंत, कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचा लेप. लेप खालच्या बाजूला उंदरांनी पोखरलेला. तिकडे कुणी शिंकलं तर इकडे आम्ही म्हणायचो, उद्या पाऊस नाय. आमच्याकडे आय, बाबा, मी आणि बाबांची विधवा बहीण, भीमी आत्या. तिकडे काशिनाथकाका, मंदाकाकी, सुमी आणि धाकटा बाळू. काशिनाथकाका तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमात, आणि आमचे बाबा त्यांच्या बोटीवर खलाशी. पापलेटच्या दिवसांत बोट बर्फ भरून निघाली की चार-पाच दिवस तिचं नख दिसायचं नाही.

तुझ्या आजीबद्दल तू मनात काय चित्र धरून आली असशील ते मला माहीत आहे. ते पुसून टाक. मंदाकाकीसारखी गोड बाई वाड्यात नव्हती. लग्नघरी हळदीची गाणी तिच्याशिवाय सुरू व्हायची नाहीत. वलांडीवर, म्हणजे बांबू उभे करून दोऱ्या ताणतात त्याच्यावर, आम्ही बायका बोंबील टांगायचो, जबड्यात जबडा अडकवून जोडीने, तेव्हा ती नवऱ्याच्या चालीची अशी नक्कल करायची की आयच्या हातातून बोंबील निसटायचे. माझ्या केसांत पहिला गजरा तिने माळला. ओल्या बोंबलाचं कालवण ती करायची तसं मी आयुष्यभर करायला बघते आहे, चिंच तीच, लसूण तोच, आणि चव कुठेतरी वाटेत राहते.

मग बाळू गेला. काकी बाजाराला गेली होती, सुमी त्याला घेऊन खाडीच्या कडेला चिंबोऱ्या बघत बसली होती. सुमी तेव्हा एवढीशी, स्वतःचीच चड्डी सांभाळायचं वय. तो चिखलात पुढे गेला, ती त्याच्या मागे गेली, पाणी भरतीचं होतं. तिला कुणीतरी केसाला धरून वर काढलं. त्याला ओहोटीनंतर. काकी त्या दिवशी रडली नाही, कारण बोट बाहेर होती.

आता हे तुला समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या वाड्यात रीत होती. बोट सुटली की खलाशांच्या घरी काही करायचं नसे, पण तांडेलाच्या घरी बाईने पाण्याने भरलेला तांब्या उंबऱ्याशी ठेवायचा. बोट परत टेकेपर्यंत तो हलवायचा नाही. तांब्या दारात आहे तोवर त्या घरात मोठ्याने रडायचं नाही, शिवी द्यायची नाही, आणि बाहेरच्या कुणी भांडण घेऊन तो उंबरा ओलांडायचा नाही. तुमची कोंबडी चोरली असेल, बांध सरकवला असेल, काय असेल ते बोट आल्यावर. घरातलं पाणी हललं की दर्यातलं हलतं, असं मानायचे. हसू नकोस. ज्याचं माणूस फळीएवढ्या जागेवर पाण्यात उभं आहे त्याला हसू येत नाही. आमच्या भीमी आत्याचा नवरा परत आला नव्हता त्याच्या आदल्या दिवशी तिची जाऊ तांडेलाच्या दारात जाऊन हिश्श्यावरून भांडली होती. आत्या त्या जावेशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिच्यासाठी ही रीत नव्हतीच, तिने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती.

बाळूनंतर बोट पहिल्यांदा सुटली, तांब्या दारात आला, आणि तिसऱ्या प्रहरी कुडातून आवाज आला. आवाज म्हणजे काय सांगू. रडणं नव्हतं. तोंडात काही कोंबून कुणी नाकाने हुंकार द्यावा तसा, लांबवर कुणी शंख फुंकतोय आणि वारा उलटा आहे असा. आणि त्याच्यावरून काकीचा आवाज, हळू, समजुतीचा, लेकराला औषध पाजताना असतो तसा. आय भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. आत्या म्हणाली, "तांब्या हाय दारात." बस, तेवढंच. संध्याकाळी आयने कुडाच्या त्या पोखरलेल्या जागेतून हाक घातली, तर पलीकडून एक लहान हात आला. काकी बोट येईपर्यंत स्वतः उपाशी राहायची आणि सुमीलाही ठेवायची. आयने तांदळाच्या भाकरीची गुंडाळी करून त्या हातात दिली. हात गेला. चावण्याचा आवाज आला नाही, ती भिजवून भिजवून खात असावी, आवाज होऊ नये म्हणून.

आणि बोट आली की सगळं वेगळं. तांब्यातलं पाणी तुळशीला जायचं, काकी सुमीच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घालायची, लाल फ्रॉक चढवायची आणि तिला कडेवर घेऊन किनाऱ्यावर यायची. एवढी मोठी मुलगी कडेवर. काशिनाथकाका हसायचे, काकी म्हणायची, एकच राह्यलीय, लाडाची हाय. नंतर सुमी चालायची तेव्हा पाऊल आतून उचलून, बाहेरच्या कडेवर. वाळूत तिची पावलं उमटायची ती अर्धी. लोक बघायचे. काकी सांगायची, निखाऱ्यावर पडली, फार धांदरट. बोट आलेली असली की भांडायला मोकळीक होती, पण भांडणार कशावर? काकी इतकी चांगली असायची त्या दिवसांत. काकांना विचारावं तर ते तांडेल, आणि आमची चूल त्यांच्या बोटीवर. आयने एकदा बाबांना सांगितलं. बाबा जाळं शिवता शिवता म्हणाले, मी काशाला सांगून बघतो. सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. काका त्यानंतर आमच्या दारावरून जाताना खाली बघून जायचे एवढं आठवतं.

आता तू विचारशील की वाडाभर बायकांना ऐकू येत होतं तर कुणीच कसं गेलं नाही. मीही हे स्वतःला विचारते. दुपारी भांडी लावताना एखादं पातेलं घुमतं ना, तसा तो हुंकार मला अजून ऐकू येतो आणि मी हातातलं ठेवून देते. प्रत्येकीचं कुणीतरी त्या दर्यात होतं. तांब्या एका दारातला होता, पण तो सगळ्यांच्या माणसांना सांभाळत होता असं सगळ्यांना वाटत होतं.

शाळेत लस टोचायला नर्सबाई आली तिने सुमीचे पाय पाहिले. एका भाजण्यावर दुसरं, जुनं आणि नवं. तिने कुठे कळवलं देव जाणे, पण थोड्या दिवसांनी पालघरहून एक बाई आल्या. राऊतबाई. त्यांना लोक रिमांड होमची बाई म्हणू लागले, त्यांचं खरं पद काहीतरी लांबलचक होतं. उंच, सावळ्या, वहाणेत वाळू गेल्याने लंगडत चाललेल्या. शाळेच्या पडवीत त्यांनी सुमीला जवळ घेऊन विचारलं. सुमी म्हणाली, मी निखाऱ्यावर पडले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, तशाच शब्दांत. मग त्या घरोघर आल्या. आमच्या ओटीवर बसून आयला म्हणाल्या की आपल्या राज्यात मुलांचा कायदा आहे. आईबाप असोत की कुणी असो, मुलाला छळलं, उपाशी मारलं तर त्याला तिथून काढून सुरक्षित जागी ठेवता येतं, आणि मग मुलांचं कोर्ट ठरवतं त्याने कुठे राहायचं. पण नर्सबाई सांगणार पाय भाजलेत, कुणी भाजले ते कुठे सांगणार? मुलगी स्वतः सांगत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी मला हवं, असं त्या म्हणाल्या.

"ऐकलंय सगळ्यांनी," आय म्हणाली.

"ऐकलेलं तिची आई एका वाक्यात उडवून लावेल. कुणी पाहिलंय?"

कुणी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? बोट असताना ते घडत नव्हतं, आणि बोट नसताना कुणी आत जात नव्हतं. मला त्या वयातही ते लख्ख कळलं, जाळ्याला पडलेलं भोक हाताला लागावं तसं. आत्या दारातून म्हणाली, "तुमचा कायदा दर्यात चालतो का, बाय?" राऊतबाई वहाण झटकत म्हणाल्या, "दर्यातलं मला माहीत नाही. घरात चालतो." मग आयकडे वळून म्हणाल्या, "मी तिसऱ्या प्रहरापर्यंत शाळेत आहे. हवालदार आणि जीप आहे बरोबर. आज नाही तर पुढल्या आठवड्यात येईन." त्या गेल्या. बोट आदल्या दिवशी सुटली होती. बोटीवर आमचे बाबा होते.

आय वलांडीखाली गेली, मी तिच्या मागे. ऊन असं की बोंबील दोरीवर चुरचुरत होते. ती एकेक बोंबील उलटा करत होती, आधी उलटे केलेले पुन्हा सुलटे करत होती. तेवढ्यात तो हुंकार आला. भिंतीतून नाही, आम्ही बाहेर होतो, तर छपराच्या फटीतून. आयने हातातला बोंबील टोपलीत टाकला आणि मला म्हणाली, "शाळेत पळ. त्या बायला सांग, मी आत गेले." मी पळायच्या आत आत्या तिच्या वाटेत उभी. आत्याचे हात पसरलेले, डोळे मोठे. तिचा आवाज चढला नाही, चढवता येतच नव्हता. ती म्हणाली, "माज्या भावाला खाशील तू. माजा गेला, आता तुजा घालव." आय म्हणाली, "वन्सं, बाजूला व्हा." आणि आत्या बाजूला झाली नाही तेव्हा आय तिला वळसा घालून गेली.

मी शाळेत जायचं सोडून तिथेच खिळले, म्हणून मी पाहिलं. आयने तो तांब्या उचलला. ती तो ओलांडून गेली असती, कुणाला कळलंही नसतं. तिने तो उचलला, पाणी अंगणातल्या वाळूत ओतलं, तांब्या पालथा ठेवला आणि आत गेली. मी दारापर्यंत गेले. आत चुलीचा उजेड होता. सुमी पालथ्या टोपलीवर बसली होती, तोंडात पदराचा बोळा, दोन्ही हात टोपलीच्या काठाला घट्ट, आणि पाय तिने स्वतःच पुढे धरले होते. कुणी बांधलं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. तिने पाय पुढे धरले होते. काकी चिमटा घेऊन समोर उकिडवी बसलेली, आणि म्हणत होती, थोडंच राह्यलं हा माज्या बाय, पाय दुखला की पाण्याकडे जायचं नाय, जायचं नाय मग बाबा येणार.

"मंदा, ठेव तो," आय म्हणाली.

काकीने वर पाहिलं. तिला आय दिसली, मग उघडं दार, मग पालथा तांब्या. तिचा चेहरा मी कधी विसरले नाही, त्यात राग नव्हता, कुणीतरी तिचं दुसरं मूलही पाण्यात सोडलं असा तो चेहरा होता. "तू सांडलास," ती म्हणाली. "तुजा माणूस पण हाय त्यात."

"हाय. माजा पण हाय."

आयने सुमीच्या तोंडातला बोळा काढला आणि तिला उचललं. सुमी ओरडली नाही. आयच्या खांद्यावरून ती त्या वाळूतल्या ओल्या डागाकडे बघत राहिली, तो उन्हात बघता बघता आटत होता. मग मी पळाले.

जीप आली, हवालदार आला, वाडा जमला. राऊतबाईंनी आयला सगळ्यांदेखत विचारलं की कोर्टात सांगाल का, आणि आय म्हणाली सांगेन. काकीला त्या दिवशी नेलं नाही, कोर्टात बोलावणं येईल म्हणाले. ती उंबऱ्यात बसून तांब्या पुन्हा भरत होती, भरून ठेवत होती, पुन्हा ओतून भरत होती. सुमीला जीपमध्ये बसवलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, आणि तोही राऊतबाईंना नाही, आयला. "मी रडले नव्हते ना?" आय म्हणाली, नाय ग, तू नाय रडलीस. जीप गेली.

पुढचे दिवस मी कसे सांगू. आकाश स्वच्छ होतं, वारा मऊ होता, आणि सगळ्या वाड्याची नजर आमच्या दारावर. आयने विहिरीवर कळशी लावली की बायका आपापल्या कळशा काढून उभ्या राहायच्या. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आत्या किनाऱ्यावर जाऊन बसली ती जेवायलाही येईना, मी तिची भाकरी तिथे न्यायची, ती ती वाळूत ठेवायची, कावळे न्यायचे. बोट यायचा दिवस आला आणि बोट आली नाही. आजूबाजूच्या दुसऱ्या बोटी आल्या, ही नाही. आयने त्या दिवशी जेवण रांधलं, माशाला मीठ लावलं, माझी वेणी घातली, आणि घातलेली वेणी सोडून पुन्हा घातली. मी विचारलं, बाबा येतील ना. ती म्हणाली, माहीत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट दिसली. पाण्यात खोल बसलेली, म्हणजे माल भरून. सगळा वाडा धावला. मशीन बिघडलं होतं, दुरुस्त करत बसले म्हणून उशीर, आणि पापलेट एवढं की बर्फ कमी पडला. माणसं सगळी होती. बाबा गुडघाभर पाण्यातून हसत येत होते, दाढी वाढलेली, हातात आमच्यासाठी वेगळं काढलेलं मोठं पापलेट. आत्याने भावाला मिठी मारली आणि ती किंचाळून रडली, आता रडायची मोकळीक होती. बायका आयकडे बघून थोड्या सैल झाल्या, एकीने तर पाठीवर हात ठेवला. आणि आय तिथे वाळूत बसली. मी खाली वाकले तर ती स्वतःशी बोलत होती. "कायच नाय झालं," ती म्हणत होती. "बघ, कायच नाय झालं. पयल्याच दिवशी गेले असते तरी कायच नसतं झालं."

पोरी, तुझ्या पुस्तकांत कायदा कसा लागू होतो ते लिहिलेलं असेल. पण त्या भरलेल्या बोटीसमोर माझी आय जशी बसली होती त्याला काय म्हणतात, ते मी अजून कुठे वाचलेलं नाही. तिचा नवरा जिवंत परत आला होता, आणि त्यानेच तिला दाखवून दिलं होतं की एवढे दिवस त्या लेकराने कशासाठीच सोसलं नव्हतं.

बाबांना सगळं कळलं तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, बरं केलंस. मग आणखी थोडं जेवून म्हणाले, पाणी ओतलं नसतंस तर चाललं असतं. त्यावर आय म्हणाली, नसतं चाललं, तांब्या तसाच राहिला असता तर पुढच्या बाईला पुन्हा वाट नसती. काशिनाथकाका त्या दिवशी किनाऱ्यावरून थेट घरात गेले आणि त्यांच्या घरातून कसलाही आवाज आला नाही.

संध्याकाळी भांडी घासताना आयच्या हातातलं ताट खाली पडलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सुमीला कोणी सांगितलं?" कुणाला काही कळेना. बोट आल्याचं, ती म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर पाणी सांडलं होतं, मग तिला जीपमध्ये घातलं. ती तिकडे काय धरून बसली असेल? आणि खरंच, सगळा वाडा किनाऱ्यावर नाचत होता, तिच्या सख्ख्या बापाला सुद्धा सुचलं नव्हतं. दर्यावरची माणसं आम्ही, बोट आलेली आम्हाला दिसली म्हणजे सगळ्यांना दिसली असं आम्हाला वाटतं. जिथून दर्या दिसत नाही अशी जागाच आमच्या डोक्यात नाही.

सकाळी पहिल्या गाडीने आय मला घेऊन पालघरला गेली, राऊतबाईंना शोधून काढलं, आणि त्यांनी आम्हाला बरोबर घेऊन, सुमीला ठेवलं होतं तिकडची आगगाडी धरली. वैतरणेच्या पुलावर गाडीतल्या बायकांनी खाडीला हात जोडले. आयने जोडले नाहीत, ती दोन्ही हात मांडीवर दाबून सरळ पुढे बघत बसली. राऊतबाई वाटेत एवढंच म्हणाल्या की मुलगी त्रास देत नाही, फार शहाणी आहे, फक्त जेवत नाही. आय म्हणाली, ती बोटीसाठी उपाशी हाय.

ती मोठी दगडी इमारत होती, आत अंगण, अंगणात मुली फुगड्या घालत होत्या. सुमी एका खांबाला टेकून बसलेली, पाय पट्टीत गुंडाळलेले, स्वच्छ झगा. तिने आम्हाला पाहिलं आणि ती उठली नाही. उलट आक्रसली. मला त्या क्षणी कळलं की तिला वाटलंय आम्ही सांगायला आलोय. कोण गेलं ते सांगायला. आय तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिच्याएवढी होऊन.

"बाबा आले तुजे," आय म्हणाली. "बोट आली."

सुमीने विचारलं, "सगळे?"

"सगळे. पापलेटने भरून आली. मशीन बिघडलेलं, म्हणून उशीर. पाणी सांडलं होतं ग सुमी, आन् तरी सगळे आले."

सुमीने आयच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचं तोंड उघडलं आणि तिच्यातून जो आवाज आला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. फुगड्या थांबल्या. स्वयंपाकघरातल्या बायका पिठाचे हात घेऊन धावत आल्या, राऊतबाई बाहेर होत्या त्या आत आल्या, कुणाला वाटलं मुलगी पडली, कुणाला वाटलं काही चावलं. आयने सगळ्यांना हाताने मागे थोपवलं. "रडू द्या तिला," ती म्हणाली. "ती अजून रडलेली नाय." बाळूसाठीही नाही, पायांसाठीही नाही. दुपारचं जेवण वाढेपर्यंत ती रडत होती, आणि मग आयच्या हातून भात खाल्ला, आवाज करत, नाक ओढत.

पुढचं थोडक्यात. कोर्टात आयने पाहिलेलं सांगितलं. काकीने काही नाकारलं नाही, ती म्हणाली मी तिला पाण्यापासून राखत होते. तिला तुरुंग झाला नाही, हमीवर सोडलं आणि मुलीपासून लांब राहायला सांगितलं. आयने विचारलं, मी सांभाळू का. राऊतबाई म्हणाल्या, मधे एक कुडाची भिंत असताना कसं देणार? मग मनोरच्या तुझ्या मावशीआजीला कोर्टाने योग्य व्यक्ती ठरवलं, म्हणजे सुमी तिच्या हवाली केली, आणि राऊतबाई कितीतरी वर्षं मधूनमधून मनोरला जाऊन मुलीचे पाय आणि पाटी बघून यायच्या. बाबांनी बोट सोडली, कारखान्यात लागले, त्यांच्या अंगाला येणारा तो आंबूस वास आयला शेवटपर्यंत सहन झाला नाही, पण ती बोलली नाही. आत्या परत आयशी नीट बोलू लागायला बरेच पावसाळे गेले. आणि काकी, तुझी आजी, तिन्हीसांजेला कुडाच्या त्या भोकाशी येऊन विचारायची, सुमी जेवते का. आय म्हणायची, जेवते. इतकंच. ती वारली तेव्हा मनोरला निरोप गेला होता. सुमी आली नाही, आणि मी तिला त्यात काही म्हणत नाही.

पण लग्न झाल्यापासून तिने या गावात पाऊल ठेवलं नाही, हे मला सलतं. तिला जबरदस्ती करू नकोस. कायदा वाचलेल्या माणसांना समजावायची फार घाई असते. नुसतं एवढं सांग, की ज्येष्ठ सरत आला, बोटी वर ओढताहेत, इंजिनं काढून ठेवलीत. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कुणाचंही माणूस नसतं. त्या दिवसांत ये म्हणावं. मी भात टाकते, तुम्ही दोघी या, लवकर या.